भात आसा, पण वांगडा काय? : एका घराची चार महिन्यांची बेगमी

हे प्रकरण माझ्या मामाच्या घरचं आहे, म्हणजे तटस्थपणे लिहितेय असं म्हणणार नाही. पण मी कुडाळला एका दुकानाचे हिशोब बघते, आकडे लिहून ठेवायची खोड आहे, आणि २०२१ च्या मे ते सप्टेंबरात त्या घरातली वही बऱ्याच वेळा माझ्याच हातात होती. त्यामुळे जे लिहितेय ते वहीतलं आणि डोळ्यांनी बघितलेलं.

घर मालवण तालुक्यात, देवबाग-तारकर्ली पट्ट्यात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी जमीन आणि माड. शेती नाही. आजीच्या माहेरच्या वाट्याची थोडी जमीन आत चौक्याच्या बाजूला आहे, ती अर्धेलीनं दिलेली, तिथून वर्षाला २०० किलोच्या आसपास भात येतो. माणसं सहा – आजी, मामा, मामी, दोन मुलं शाळेतली आणि मुंबईत हॉटेलात कामाला असलेला मोठा मामेभाऊ, आमचा दादा, जो २०२० मध्ये लॉकडाऊनला आला तो आलाच. कमाई म्हणजे दोन खोल्यांचं होमस्टे, मामीच्या हातचं जेवण, आणि पर्यटकांच्या बोटीत मामाचा वाटा. तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या. एप्रिल २०२१ ला परत निर्बंध लागले, खुंटीच उपटली.

आता आमच्याकडे पावसाची बेगमी ही काही हौसेची गोष्ट नाही. रायगडाकडे तिला आगोट म्हणतात, गोव्यात पुरुमेंत, आम्ही नुसतं बेगमी म्हणतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, समुद्र उधाणलेला, बाजारात येणं कठीण, वाळत काहीच नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये सगळं घरात घ्यायचं आणि पावसात ते काढून खायचं. चांगल्या वर्षी हे आपोआप होतं कारण मे महिना पर्यटकांचा, पैसा येतच असतो. अडचणीच्या वर्षी नेमकं उलटं होतं, साठा करायचा महिना आणि हात रिकामा असायचा महिना एकच. ह्या एका वाक्यात त्या घराचं २०२१ आलं.

तरी मामीनं मार्च-एप्रिलमध्ये जमेल तसं जमवलेलं. गोलमो (सुका जवळा) ६ किलो, खारे बांगडे ४ किलो, सुकी सुंगटं (कोलंबी) ३ किलो. मिरची-मसाला कांडून आणलेला. आणि फ्रीझरमध्ये पर्यटकांसाठी घेतलेली सुरमई आणि कोलंबी, जवळजवळ दहा किलो, सात-आठ हजारांचा माल. निर्बंध उठले की गिऱ्हाईक येईल ह्या आशेवर तो ठेवलेला. आजी तेव्हापासून कुरकुरत होती, "फ्रीझरात ठेवल्यान म्हणजे साठो झालो काय गो?"

१६ मे, रविवार. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला लागून वर सरकलं. दोन दिवस आधीपासून सूचना होत्या त्यामुळे माणसं सुरक्षित, बोट नदीत आत नेऊन बांधलेली, अंगणातलं वाळवण आत घेतलेलं. पण आत म्हणजे कुठे, तर पडवीच्या माळ्यावर, आणि पडवीचेच पत्रे गेले. परसातले तीन माड आडवे, रायवळ आंब्याचा एक मोठा फाटा तुटला, हापूसचं एकुलतं एक कलम उभं राहिलं पण त्यावर एक फळ नाही. वीज गेली ती आमच्या वाडीत नऊ दिवस आली नाही.

चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा घरात फ्रीझरचा वास. तो वास लिहून सांगता येत नाही, सोडा. मामानं आणि दादानं खड्डा खणून सगळं माडाच्या मुळात पुरलं, त्यावर भिजून कुजलेला गोलमो आणि सुंगटंपण. सात-आठ हजारांचं खत. खारे बांगडे तेवढे वाचले, मीठ भरपूर होतं म्हणून, ते मामीनं दाट मिठाच्या पाण्यात धुवून परत उन्हात घातले. मसाल्याच्या दोन बरण्यांपैकी एकीत पाणी शिरलेलं.

मामी ओट्यावर बसून रडत होती आणि आजी परसात वाकून कैऱ्या वेचत होती. मला बघून म्हणाली, "आधी पडला ता उचला, मगे काय रडाचा ता रडा." मला तेव्हा रागच आला खरं तर, म्हातारीला काही वाटतच नाही म्हणून. पण पुढचे पंधरा दिवस जे झालं ते ह्या एका वाक्यावर झालं. वादळ १६ तारखेला गेलं आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला, मधे साधारण पंधरा-सोळा दिवस ऊन मिळालं. ते ऊन हेच त्या घराचं भांडवल होतं, पैशापेक्षा मोठं.

काय काय उचललं ते जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच.

रायवळ कैऱ्या पाटीनं पडलेल्या. वादळानंतर सगळ्यांकडेच ढीग, विकायला गेलं तर कोणी फुकट घेईना. मार लागलेल्या बाजूला काढल्या, त्यांची आंबोशी केली – साल काढून फोडी, मीठ लावून रात्रभर ठेवायच्या, मग कडक उन्हात चार-पाच दिवस. मार न लागलेल्या, देठासकट असलेल्या वेगळ्या, त्या अख्ख्या मिठाच्या पाण्यात, चिनी मातीच्या बरणीत. खारातली कैरी. पावसात सकाळच्या पेजेबरोबर एक कैरी सहा जणांना पुरते, नुसती कुसकरून वर मिरची आणि खोबरेल. मार लागलेली कैरी चुकूनही खारात जाता कामा नये, एक कुजली की बरणी गेली, ह्यावर आजी स्वतः एकेक कैरी हातात फिरवून बघत होती. दिसत नाही तिला नीट, पण बोटानं कळतं म्हणे.

फणस कच्चेच पडलेले. दोन दिवस भाजी खाल्ली, शेजारी वाटले, आणि जरा जून होते त्यांचे गरे खारात घातले. आठळ्या धुवून सुकवून, मातीत घोळवून मडक्यात. ह्या मातीत घोळवलेल्या आठळ्यांनी ऑगस्टपर्यंत साथ दिली.

रातांबे (कोकमाची फळं) आजूबाजूला पडून फुटत होते. मुलांना कामाला लावलं, गोळा करा, शाळेला नाहीतरी सुट्टीच होती आणि नऊ दिवस मोबाईल चार्ज कुठे करणार. साली वेगळ्या, रसात मीठ घालून आगळ, आणि त्याच रसात साली परत परत बुडवून वाळवून सोलं. दोन किलो सोलं घरात, वरची चार किलो मामीनं नंतर विकली. बियासुद्धा टाकल्या नाहीत, वाळवून ठेवल्या, मुठेल (कोकमाचं तेल) काढायला.

आणि माड. तीन माड पडले म्हणजे नुकसान केवढं ते वेगळं, एक माड धरायला पाच-सात वर्षं जातात. पण पडलेल्या माडाचं काहीही फुकट जात नाही हेपण खरं. शहाळी होती ती प्यायली. तयार नारळ ९० निघाले. ते सोलून फोडून वाळत घातले, दिवसा उन्हात आणि रात्री चुलीच्या वर टांगलेल्या तट्ट्यावर, धुरात. साडेतेरा किलो खोबरं झालं. वीज आल्यावर घाण्यावर नेलं, आठ लिटरच्या आसपास तेल मिळालं. त्या मे महिन्यात बाजारात साधं गोडेतेल दीडशेच्या वर गेलेलं, त्यामुळे आठ लिटर म्हणजे बाराशेच्या वर रुपये झाले, आणि वर पेंड कोंबड्यांना. चुडतं (विणलेल्या झावळ्या) पडवीवर शाकारायला, पत्रे येईपर्यंत. सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, पिडे (झावळ्यांचे बुंधे) आणि आंब्याचा तुटलेला फाटा सगळा फोडून खोपीत रचला. ह्या लाकडांमुळे जून ते सप्टेंबरात घरात गॅसची फक्त दोन सिलिंडरं लागली, एरवी चार लागतात. सिलिंडर तेव्हा आठशेच्या वर होतं.

हे सगळं वाचताना सोपं वाटतं पण तेव्हा ते तसं नव्हतं. पत्रे उडालेल्या घरात, वीज नसताना, विहिरीवर पंप चालत नाही म्हणून कळशीनं पाणी काढत, ही सगळी कामं एकाच वेळी. मामीचे हात कैरीच्या चिकानं सोलवटलेले.

मग पैसा. पत्रे आणि कौलं डागडुजी करून झाल्यावर घरात रोकड उरली ११,४०० रुपये. पंचनामे झालेले पण मदत कधी येईल त्यावर कोण विसंबणार. बचत गटाचा हप्ता महिन्याला ११५०. आणि किराणा दुकानं तेव्हा सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी.

मी वही घेऊन बसले आणि यादी करायला लागले तशी मामी म्हणाली, "तांदूळ आसत गो, पण वांगडा काय?" वांगडा म्हणजे सोबत, आणि मला यादीची खरी गोम कळली. तांदळाची काळजी नव्हतीच. अर्धेलीच्या भाताचे १३० किलो उकडे तांदूळ निघालेले, रेशनकार्डावर पाच नावं (दादाचं नाव मुंबईच्या कार्डावर, तो वेगळा घोळ), माणशी महिन्याला ५ किलो धान्य नेहमीचं आणि मे पासून केंद्राचं मोफतचं आणखी ५ किलो. त्यात गहू जास्त, तांदूळ कमी. आमच्याकडे रात्रीची चपाती ही काही सवय नाही पण त्या वर्षी लागली. निव्वळ भातावर राहिलो असतो तर सहा जणांना दिवसाला पावणेदोन किलो, चार महिन्यांचे दोनशे चौदा किलोच्या जवळ तांदूळ लागले असते. तेवढे होते, आणि वर गहू. म्हणजे पोट भरायचं होतं, पण त्या भातावर ओतायचं काय, हा प्रश्न. पेज-मीठ खाऊन माणूस आठ दिवस काढतो, नवव्या दिवशी दुकानात उधारी करून काहीतरी चमचमीत आणतो आणि तिथे गणित फिसकटतं. हे मी माझ्या दुकानाच्या वह्यांमध्ये कितीदा बघितलंय.

म्हणून यादी जिन्नसवार न करता मामीनं ती महिन्यावार करायला लावली. जूनला काय मिळणार नाही, जुलैला काय मिळणार नाही, श्रावणात काय खाणार नाही, गणपतीला काय लागणारच. मासळीवर ह्यामुळे खर्च कमी झाला, कारण ९ ऑगस्टला श्रावण सुरू होत होता आणि त्या घरात श्रावण पाळतात, म्हणजे सुकी मासळी लागणार ती जून-जुलैपुरतीच. चार महिन्यांची घेऊन काय करायची? गोलमो परत एक किलोच घेतला, तोही पैसे देऊन नाही, शेजारच्या वाडीत वीस नारळ देऊन. पैसे त्या महिन्यात कोणाकडेच नव्हते, वस्तू होत्या.

सगळ्यात जास्त भर कुळथावर. दहा किलो, ८५ रुपयांनी ८५० चे. त्यातले तीन किलो मोड आणून उसळीला अख्खे, सात किलो भाजून भरडून पाखडून पिठी. साडेपाच किलो पिठी उतरली. मी होमस्टेच्या किचनमधल्या काट्यावर मोजलं, सहा जणांच्या एका वेळच्या पिठीला ७० ग्रॅम लागते, लसणीची फोडणी, दोन सोलं, बस. म्हणजे ७८ वेळचं कालवण, वेळेला आठ रुपयांच्या आत. चार महिन्यांत जेवणाच्या वेळा २४४, त्यातल्या ७८ एका डब्यानं निकालात काढल्या. हा हिशोब करून दाखवला तेव्हा मामाला पहिल्यांदा जरा धीर आलेला दिसला. तोपर्यंत तो नुसता येरझाऱ्या घालत होता.

बाकी तूरडाळ ५ किलो, काळे वाटाणे ४, चवळी ३, साखर १५, गूळ ५, चहा पावडर २ किलो, गोडेतेल ५ लिटर, खडे मीठ आणि साधं मिळून २५ किलो (खारवण्यातच निम्मं गेलं), मसाला सुधारायला बेडगी २ किलो, आजीच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, साबण, काडेपेट्या-मेणबत्त्या, एक ताडपत्री, एक सिलिंडर. एकूण ७,३०५. आणि मामानं आणलेलं कांद्याचं पोतं ११००, त्याबद्दल पुढे. उरले २,९९५, ते मामीनं बिस्किटाच्या डब्यात घातले आणि डबा तांदळाच्या पिंपात खाली. ही रोकडसुद्धा बेगमीच आहे असं तिचं म्हणणं, सगळे पैसे जिन्नसात घातले तर मुलांचं रिचार्ज गोलमो देऊन होणार आहे का?

उधारीचा एक नियम तिनं तेव्हा केला आणि तो मला फार पटला. दुकानदार ओळखीचा, दोन हजारांपर्यंत खातं चालवायला तयार होता. मामी म्हणाली उधारीवर आणायचं ते त्याच महिन्यात संपणारं आणायचं, साठ्याचा जिन्नस उधारीवर नको. कारण तो सडला तर सडलेल्याचे पैसे फेडत बसायचं. फ्रीझरमधल्या सुरमईचे अर्धे पैसे तेव्हा द्यायचे बाकी होते, म्हणून ही अक्कल.

आता कांदे. वादळानंतर कोणीतरी बोललं की कांदा महागणार, घाट बंद पडणार, आणि मामा घाबरून ५० किलोचं पोतं घेऊन आला. सहा माणसांना पन्नास किलो कांदा! आजीनं पोत्यात हात घातला, एक कांदा दाबला, म्हणाली, "ह्ये कांदे आषाढ बघूचे नाय." माळा बांधून टांगता येतील असे ते कांदे नव्हतेच, पात कापलेले, ओलसर, ट्रकमधून आलेले. अंथरले, पंखा लावला, रोज निवडले. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निम्मे गेले, आणि निम्मे टिकावेत म्हणून मामीनं दहा किलो चिरून चुलीवर वाळवून घेतले ते वेगळं. वाळवलेला कांदा वाटपात चालला, पण त्या कामाला गेलेले दोन दिवस आणि लाकूड? गंमत म्हणजे मामाची भीती अगदीच खोटी नव्हती. २२ जुलैला चिपळूण बुडालं, त्याच दिवसांत कोल्हापूरकडे पूर, रस्ते बंद, आणि आमच्याकडे भाजी-कांदा येतो तो घाटावरूनच. आठवडाभर मालवणच्या बाजारात भाजीच्या पाट्या रिकाम्या. तेव्हा ते उरलेले कांदे कामाला आले. तरीपण मी पोत्याला चूकच म्हणेन. टिकणारी वस्तू जास्त घेतली तर बेगमी, न टिकणारी जास्त घेतली तर ती भीतीच.

तशीच दुसरी चूक रव्याची. पाच किलो रवा स्वस्त मिळाला म्हणून घेतला, न भाजता ठेवला, दीड महिन्यात पोरकिडे. कोकणात पावसात न भाजलेला रवा ठेवणं म्हणजे किड्यांना आवतण. ही चूक माझी होती, रवा मीच नेला होता कुडाळहून.

साठवणीबद्दल जेवढं बघितलं तेवढं सांगते. भिंतीला टेकवून काही ठेवायचं नाही, भिंत घाम सोडते. पिंपांखाली फळी. मसाल्याच्या बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे. तांदळात वाळवलेला कडुलिंब आणि बिब्बे, काहीजण बोरिक पावडर चोळतात पण मामीला ते पटत नाही, लहान मुलं हात घालतात म्हणते. सुकी मासळी पत्र्याच्या डब्यात कागद घालून, आणि जरा उघडीप मिळाली की कितीही कंटाळा आला तरी बाहेर. आंबोशी मोडून बघायची, वाकली तर परत चुलीवर, कट्टकन तुटली तर बरणीत. ओला हात कुठल्याही बरणीत नाही, त्यासाठी आजीनं प्रत्येक बरणीशेजारी लाकडी डाव बांधून ठेवलेला सुतळीनं, अगदी बँकेतल्या पेनासारखा.

आणि चिठ्ठ्या. हे माझ्या मामेबहिणीचं काम, तिचं अक्षर चांगलं. आजीनं सांगायचं, तिनं लिहायचं आणि डब्यावर चिकटवायचं. "१५ जूनपर्यंत हात लावू नये." "आषाढ अमावास्येपर्यंत संपवणे." "गणपती. कोणी उघडायचा नाही. बाबा तुम्हीपण नाही." उघडायची तारीख ठरवलेली असल्यामुळे एक झालं, जूनमध्ये जेव्हा सगळ्यांना वाटतं की घर भरलंय आणि सढळ हातानं चालतं, तेव्हा खरं म्हणजे निम्मं घर बंद होतं. पहिले वीस दिवस ताज्यावर काढले. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे, नदीत मामा आणि दादा गरी टाकून बसायचे, ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायच्या. रानभाज्यांत टाकळा आला, मग कुर्डू, भारंगी, परसातलं अळू. दादाला पडलेली झाडं कापायचं काम मिळालं कटर मशीनवर, नऊ दिवस, सहाशे रुपये रोज. ते ५,४०० बिस्किटाच्या डब्यात.

जुलै वाईट गेला. सलग पाऊस, काही वाळत नाही, कपडेसुद्धा चुलीवर, मुलगा तापानं फणफणला, डॉक्टर आणि औषधं मिळून साडेअठराशे. डबा होता म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात मामा दुकानातून वेफर्सची मोठी पाकिटं आणि थंड पेयाची बाटली उधारीवर घेऊन आला, मुलांना बरं वाटावं म्हणून, आणि मामी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. मला विचाराल तर मामाचं चुकलं नाही. दीड महिना पिठी आणि आंबोशीची आमटी खाणाऱ्या पोरांना एक दिवस वेफर्स मिळाले तर काय बिघडतं. मामीच्या यादीत ह्याच गोष्टीला जागा नव्हती, जिभेला. पुढच्या वर्षीच्या यादीत तिनं स्वतःच "पोरांचं" असा एक रकाना घातला, दोनशे रुपये महिना, फणसाचे तळलेले गरे आणि साठं (वाळवलेली रसाची पोळी) त्यात धरून.

श्रावण बरा गेला, काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळीची उसळ, आठळ्यांची भाजी, मोडाचे कुळीथ. नारळी पौर्णिमा २२ ऑगस्टला. बंदी तीन आठवड्यांपूर्वीच उठलेली, पौर्णिमेनंतर होड्या जोरात बाहेर पडायला लागल्या, बाजारात बांगडा दिसायला लागला, आपल्याला घ्यायचा नसला तरी नुसता दिसला की बरं वाटतं.

१० सप्टेंबरला गणपती. मुंबईहून मामाचा भाऊ, त्याची बायको, तीन मुलं, म्हणजे घरात अकरा माणसं, पाच दिवस. हे मला सगळ्यात मोठं संकट वाटत होतं आणि मी मामीला दोनदा फोन करून विचारलंसुद्धा की पैसे पाठवू का. तिनं चिठ्ठीचा डबा उघडला. गूळ तीन किलो, चवळी, काळे वाटाणे, वेगळे ठेवलेले चाळीस नारळ, एक लिटर खोबरेल, आणि मोदकासाठी तांदूळ आधीच दळून नाही तर धुवून वाळवून ठेवलेले. विकत आणावे लागले ते दूध, फुलं, थोडी भाजी आणि वड्यांसाठी उडीद. त्या भावाची बायको निघताना पाकिटात दोन हजार ठेवून गेली आणि त्याबरोबर दोन पिशव्या सोलं, आंबोशी, पिठी घेऊन गेली, मुंबईत मिळत नाही म्हणून. तिला कळलंही नसेल की त्या वर्षी घरात काय चाललेलं.

३० सप्टेंबरला मी वही मिटवली तेव्हा शिल्लक अशी – उकडे तांदूळ ३५ किलो, पिठी पाव किलो, आगळ अर्धी बरणी, सोलं थोडी, खारातल्या कैऱ्या सात, तेल दीड लिटर, मसाला महिनाभराचा, कांदा एकही नाही. डब्यात ६४० रुपये. दुकानाचं खातं शून्य, गटाचा एक हप्ता थकलेला. सुरमईवाल्याचे पैसे दिवाळीनंतर गेले, पर्यटक परत यायला लागल्यावर.

फ्रीझर त्या वादळात बिघडला तो बिघडलाच, दुरुस्तीला चार हजार सांगितले. भंगारवाला दोनदा येऊन गेला पण मामीनं दिला नाही. त्याचं रबर अजून चांगलं आहे, झाकण घट्ट बसतं, उंदीर-घुशी शिरत नाहीत आणि ओल लागत नाही, त्यामुळे आता तो पडवीत फळीवर उभा आहे आणि त्यात वर्षाचे उकडे तांदूळ असतात. वर चिठ्ठी आहे. आजी त्याला कणगी म्हणते.